नासलं नाही, लागलं: अकोल्याहून पुसेगावला नेलेल्या चीजची हकीकत

किसनरावांचं पत्र आलं तेव्हा मी पाचवीच्या वह्या तपासत बसले होते. किसनराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, गयाचे यजमान. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, पुसेगावला त्यांची शेती आहे. हा गृहस्थ पत्रात चार ओळींच्या वर कधी जात नाही, या खेपेस मात्र अख्खं पान भरलं होतं. बाळंतपणाला चार महिने झाले तरी गया सावरत नाही, दूध प्यायली की पोट डब्ब होतं आणि दिवसभर जुलाब होतात, अंगावरचं दूध आटत चाललंय. शेवटी लिहिलं होतं, "आक्का, लेकरू हाताला हलकं लागून राहिलं. तुमी या." मी वह्या बांधून ठेवल्या आणि पंधरा दिवसांची रजा मागायला निघाले. (नावं मी बदलली आहेत. गाव आणि रस्ता खरा आहे.)

निघण्याआधी आमच्या डॉक्टरीणबाईंना पत्र वाचून दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "दूध किती पाजतात तिला?"

"सासूबाई रोज दोन तांबे पाजतात. लेकुरवाळी आहे ना."

"आणि पोट बिघडतं तरी पाजतातच?"

मी जरा चिडलेच. दूध म्हणजे पूर्णान्न, असं मी स्वतः वर्गात फळ्यावर लिहून देते. बाई हसल्या. म्हणाल्या, दुधात एक साखर असते, आणि ती मोठेपणी कित्येकांना पचत नाही. त्यांच्या पोटात गेलेलं दूध अंगी लागण्याऐवजी अंगावर येतं. मग त्यांनी कपाटातून एक गोल डबा काढला. आत फडक्यात गुंडाळलेला पिवळट गोळा होता, आणि वासाबद्दल न बोललेलं बरं. "याला चीज म्हणतात. दूध लावायचं, निवळी काढून टाकायची, दाबायचं आणि मुरू द्यायचं. दह्यात ती साखर बरीच राहून जाते; इथे ती बरीचशी निवळीबरोबर जाते, उरलेली मुरताना जिरते. मागे राहतं ते अंगावर मांस चढवणारं सत्त्व, स्निग्धांश आणि हाडांना लागणारा चुना."

"म्हणजे अमृतच की!"

"मुळीच नाही. खारट असतं, पचायला जड असतं. जास्त खाल्लं की पोट घट्ट धरतं आणि तहानेनं जीव जातो. सुपारीएवढे दोन तुकडे, तेही भाकरीबरोबर. भाजी सोडायची नाही. आणि मुख्य म्हणजे ते दोन तांबे बंद करायचे." मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी मागून आणखी एक सांगितलं. विलायतेत हे दूध लावायला वासराच्या पोटातलं काहीतरी वापरतात, तेव्हा तिच्या घरी चालेल का ते बघा. मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. तेवढा डोकेदुखीचा भाग ट्रंकेच्या तळाशी टाकावा तसा मनात खाली सारून दिला.

तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर अकोल्याहून सकाळची सर्व्हिस मोटार धरा. ती भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. पातूरच्या पुढे घाट लागतो. तिथे मोटार इतकी धापा टाकते की उतरून तिला पाणी पाजावंसं वाटतं, आणि ड्रायव्हर खरोखर तेच करतो. मालेगावला चहा मिळतो, गोड आणि गरम, एवढंच त्याबद्दल सांगता येईल. मुक्काम वाशीमला केला. तिथेच थोडे आपले कळदार रुपये देऊन मोगलाईचे हाली रुपये घ्यावेत, कारण पुढे सुट्ट्या नाण्यांसाठी फार घोळ होतो. भाकरी बरोबर ठेवा. एकट्या बाईकडे लोक टक लावून बघतात, पण जागाही करून देतात.

दुसऱ्या दिवशी कनेरगावच्या नाक्यावर मोटार थांबली. इथे आपला मुलूख संपतो आणि करोडगिरीवाले, म्हणजे जकातीचे कारकून, सामान उघडून बघतात. आमच्या कारकुनाला माझ्या साड्यांत काही गम्य वाटलं नाही, पण डबा त्याच्या डोळ्यांत भरला.

"ये क्या चीज है?"

"चीज आहे," मी म्हटलं.

"वोइच तो पूछ रहा हूँ बाई, क्या चीज है?"

"अहो, चीजच आहे!"

मोटारीतले लोक हसायला लागले. मला वाटलं, आता डब्याबरोबर मीही जप्त होते. त्यानं झाकण उघडलं, वाकून वास घेतला आणि ताडकन मागे झाला. "अरे अम्मा! ये तो सड़ गई." मग फार दयाळू आवाजात म्हणाला, "जाव, जाव. सड़े माल पे करोडगिरी नक्को." इतका महाग डबा फुकटात हद्द ओलांडून गेला आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

हिंगोलीला किसनराव छकडा घेऊन उभे होते. तिथून पुसेगावपर्यंतचा तो रस्ता मी मरेपर्यंत विसरणार नाही. माघ महिना, दोन्ही बाजूंना शाळूची ज्वारी, कणसं भरून वाकलेली. रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या, मधे धूळ, आणि आजूबाजूला एवढी काळी जमीन की मी वऱ्हाडची असूनही बघत राहिले. एका वावरात हुरडा भाजत होते. ओळख ना पाळख, एका म्हाताऱ्यानं छकडा थांबवला आणि माझ्या ओंजळीत गरम दाणे ओतले. "खावा माय, लांबून येऊन राहिल्या," एवढंच बोलला आणि आगटीकडे परत गेला. पैसे विचारायचीही मला लाज वाटली.

गया दारात आली तेव्हा तिच्या गळ्याची हाडं आधी दिसली आणि मग ती. मी बाळाला घेतलं. चार महिन्यांच्या मुलाचं जेवढं वजन असावं तेवढा जोर मी लावला होता, त्यामुळे माझे हात उगाच वर गेले. तिच्या सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणते आणि मीही तेच म्हणते, तांबा घेऊन उभ्याच होत्या. "पे माय. बहिनीसमोर तरी पे." गयानं डोळे मिटून दूध घशाखाली उतरवलं आणि घटकाभरात ती पोट धरून परसाकडे गेली. मला आत्याबाईंचा भयंकर राग आला.

सकाळी चुलीपाशी मी डबा उघडला. माझी तयारी झाली होती. सत्त्व, चुना, स्निग्धांश, सगळं पाठ होतं. आत्याबाईंनी नाक मुरडलं नाही. त्यांनी गोळ्यावर अंगठा दाबून पाहिला, कडेचा कण मोडून बोटांत चुरला. घरात चार दुभती जनावरं सांभाळणाऱ्या बाईचे हात होते ते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि माझ्या सगळ्या व्याख्यानात त्याचंच उत्तर नव्हतं.

"हे लावलं कशानं?"

ज्या बाईनं जन्मभर विरजण लावलं ती दुसरं काय विचारणार! मला "विरजणानं" म्हणता आलं असतं. गया माझ्याकडे बघत होती, तिच्या मांडीवर बाळ कुरकुरत होतं. एक शब्द खोटा बोलले असते तर ते सुपारीएवढे दोन तुकडे तिच्या पोटात गेले असते. पण तिच्या घरात बसून, तिच्या चुलीपाशी ते तिला फसवून खाऊ घालायचं, हे जमेना. वासराच्या पोटातल्या कशानं तरी लावतात, हे मी खरं सांगितलं.

कोणी ओरडलं नाही. किसनरावांनी डबा उचलून लांब उकिरड्यावर नेला. आत्याबाईंनी तिथली जागा शेणानं सारवली, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "खोटं बोलल्या न्हाईत मास्तरीणबाई. ते बराबर केलं."

"मग एवढं तरी करा. तिचं दूध बंद करा. दुसऱ्या कशानं लावलेलं चालेल, पण कच्चं नको."

"दूध बंद करू? आन तिचं आटलं म्हंजे? लेकराला काय पाजू?" त्यांचा आवाज एकदम चढला. "आन दूध मुद्दाम नासवून लेकुरवाळीला खाऊ घालावं व्हय? नासकं दूध खाल्लं की बाईचं दूध नासतं. जनावर बी आटतं. आमच्यात असं कुनी करत न्हाई."

मी गयाच्या मांडीवरचं बाळ उचलून घेतलं. शाळेत मी कोणालाही गप्प करते, पण इथे माझ्याजवळ आता डबाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई धनगरांना ज्वारी द्यायला वावरात निघाल्या आणि मला म्हणाल्या, चला. त्यांच्या रिकाम्या वावरात मेंढ्या बसवल्या होत्या. इकडची ही रीतच आहे. धनगरांचा कळप काही दिवस वावरात मुक्कामाला ठेवायचा, जमिनीला खत मिळतं आणि धनगरांना धान्य. बांधावरून मी पहिल्यांदा तो कळप पाहिला आणि पायच थांबले. शेकडो पाठी, एकही मोकळी जागा नाही, आणि त्या सगळ्यांच्या श्वासाची वाफ कोवळ्या उन्हात वर चाललेली. मी देवळात जाणारी बाई नाही, पण तिथे हात जोडावेसे वाटले.

ठकूबाई नावाची म्हातारी धनगरीण एका मेंढीची धार काढत होती. तिच्या पालाशेजारी बाभळीला फडक्यात बांधलेलं काहीतरी लटकत होतं, खाली थेंब थेंब पडत होतं.

"हे काय हो?" मी विचारलं.

"पनेर," ती म्हणाली. "माजी सासू हिंगोलीच्या छावनीला दूध घालायची. तवा गोरे साहेब व्हते तिथं. त्यांच्या खानसाम्यानं तिला शिकवलं, तिनं मला. दुसऱ्या धनगरांत कुनी करत न्हाई. हसतेत मला."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांचा प्रश्न आलाच. "लावती कशानं?"

ठकूबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. आत सुकलेली बोरापेक्षा बारीक फळं होती. "पनीरडोडा. हिंगोलीच्या जडीबुटीवाल्या अत्ताराकडं भेटतो. पोटदुखीला बी देतेत." आत्याबाईंनी एक फळ दाताखाली धरलं, तोंड वाकडं केलं आणि थुंकलं. "कडू हाय. पर झाडाचं हाय." पुरचुंडी त्यांनी परत दिली. "तरी नासवलेलंच की."

"बसा," ठकूबाई म्हणाली.

आणि तिनं जे केलं ते मी इथे नीट लिहून ठेवते, कारण तेवढ्यासाठीसुद्धा ही वाट तुडवायला मी तयार आहे. धारोष्ण दूध तिनं स्वच्छ धुतलेल्या फडक्यातून गाळलं. कोपर बुडवून ऊब पाहिली, जशी आपण बाळाच्या न्हाणीची पाहतो. रात्रभर भिजवलेल्या डोड्यांचं पाणी चमचाभर ओतलं, दोनदा ढवळलं आणि हात काढून घेतला. "आता बोलू नका त्याच्याशी," म्हणाली आणि भांड्यावर घोंगडी टाकली. आम्ही ज्वारी मोजली, पान खाल्लं, मेंढ्यांच्या तकलिफी ऐकल्या. तासाभरानं तिनं घोंगडी काढली.

दूध थांबलं होतं. दुसरा शब्द मला सुचत नाही. वरवर तसंच पांढरं, तेवढंच, पण भांडं तिरकं केलं तरी हलेना. मी विज्ञान शिकवते आणि तोंड उघडं टाकून बघत होते.

ठकूबाईनं मग पालामागून दुसरं गाडगं आणलं. त्यात कालचं उरलेलं, आपोआप बिघडलेलं दूध होतं. चोथा एकीकडे, पाणी एकीकडे, आणि उग्र वास. "हे नासलं," ती म्हणाली. "ह्याला कुत्रं बी तोंड लावत न्हाई. आता ह्यात बोट घाला." तिनं पहिलं भांडं आत्याबाईंपुढे सरकवलं.

आत्याबाईंनी बोट घातलं. दूध बोटाभोवती फाकलं आणि त्याच्या दोन्ही कडा सरळ, चकचकीत उभ्या राहिल्या. त्यांनी बोट हुंगलं, जिभेला लावलं. मग दुसऱ्या कडेला पुन्हा बोट घालून पाहिलं.

"नासलं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "लागलं."

दही लागतं, तसं हे लागलं. दही कोणत्या घरात चालत नाही? एवढ्या एका शब्दावर माझ्या बहिणीचं सगळं अडलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मेंढ्यांकडे तोंड फिरवलं.

"मी सात लेकरं ह्याच्यावर पाजली," ठकूबाई बांबूच्या कांबीनं त्या दुधाचे चौकोन कापत म्हणाली. "पर ताजं देऊ नगा तिला. मीठ लावून, दगडाखाली दाबून चार दिस टांगा. ताज्यात दूध जितं असतं." डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं तेच ही म्हातारी वेगळ्या शब्दांत सांगत होती, आणि तिनं ते कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं.

चार दिवस दूध बंद ठेवायला आत्याबाई तयार झाल्या, पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर घटकेला बाळाचं पोट चाचपून बघायच्या. मी मात्र त्या चार दिवसांत ठकूबाईच्या पनेराच्या प्रेमात पडले. रोज वावरात जायचं आणि मूठ मूठ खायचं. जड पडतं, घट्ट धरतं, तहान लागते, हे सगळं मी अकोल्याहून ऐकून आले होते, पण ते दुसऱ्यांसाठी होतं! दोन दिवसांनी मी घागरभर पाणी पिऊन पोट धरून बसले आणि आत्याबाईंनी एक शब्द न बोलता माझ्यापुढे एरंडेल ठेवलं. मी आल्यापासून गया पहिल्यांदा खळखळून हसली. तेव्हा वाचकहो, बेतानं खा. पायांवर सूज असेल तर त्या मिठापासून लांबच राहा, आणि भाजी-भाकरी ताटातून काढू नका.

पाचव्या दिवशी गयानं भाकरी, मेथी आणि सुपारीएवढे दोन तुकडे खाल्ले. आम्ही तिघं तिच्याकडे बघत बसलो. काहीच झालं नाही. दुपार झाली, पोट फुगलं नाही. दुसऱ्या दिवशी तुकडे वाढवले, तरी काही नाही. काही न होणं इतकं मोठं असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. मी निघायच्या आदल्या सकाळी बाळ पीत होतं. पिता पिता त्यानं आपणहून तोंड सोडलं, ओठाच्या कडेनं दुधाचा ओघळ आला आणि ते झोपी गेलं. आजवर ते रडत सोडायचं. गयानं माझा हात धरला.

निघताना आत्याबाई छकड्याबरोबर शिवेपर्यंत चालत आल्या. किसनराव बैलांचं जोतं आवळत होते, तेवढ्यात आत्याबाईंनी मला बाजूला नेलं.

"माजं बी पोट दुधानं असंच व्हायचं," त्या म्हणाल्या. "माजी सासू दोन तांबे पाजायची. मी परसात जाऊन वकायची, कुनाला सांगत न्हवते. माजं पयलं लेकरू पाच महिन्यांचं होऊन गेलं. मला वाटलं, मी दूध वकून टाकलं म्हनून गेलं. म्हनून हिला सोडत न्हवते." मग त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "मास्तरीणबाई, माजं लेकरू गेलं ते त्या दुधानंच का वो?"

"तुमची चूक नव्हती, आत्याबाई."

"ते न्हाई इचारलं."

त्यांनी पदरानं माझ्या खांद्यावरची धूळ झटकली आणि गावाकडे वळल्या. ज्या बाईचा मी आठ दिवस राग केला, तिच्या पाठीकडे बघत मी छकड्यात चढले.

अकोल्याला येऊन महिना झाला. रस्त्याची धूळ गेली, एरंडेलाची आठवण गेली नाही. डॉक्टरीणबाईंना पनीरडोड्याची पुरचुंडी नेऊन दिली, तर त्यांनी खुर्ची ओढून मला सगळं दोनदा सांगायला लावलं. पुसेगावला जायचं तर माघातच जा. मेंढ्या वावरात असतात तोवर ठकूबाई भेटेल, पुढे तिचा पत्ता मेंढ्यांनाच ठाऊक. मला वाटायचं मी त्या घराला काहीतरी द्यायला गेले होते. माझं सगळं उकिरड्यावर गेलं, आणि बहीण मला मिळाली ती तिथल्याच दोन बायकांच्या हातून.

काल किसनरावांचं कार्ड आलं, नेहमीसारखं त्रोटक. लेकरू पालथं पडू लागलं, उचलताना आता जोर लागतो. ठकूबाई जायच्या आधी आईनं तिच्याकडून सगळं शिकून घेतलं. पुढे लिहिलंय, "परवा आईनं सोताबी खाल्लं. आज सकाळी पोट कसं हाय इचारलं, तर चांगलं हाय म्हनाली. मंग गोठ्यात जाऊन बसली. दिवस कलला तरी कुनाशी बोलून न्हाई राहिली. काहून ते कळंना."

मी कार्ड दोनदा वाचलं. शिवेवर मला देता न आलेलं उत्तर आत्याबाईंना त्यांच्याच पोटानं दिलं होतं.